तालुक्याचं कॉलेज: पाटी संस्थेची, पगार सरकारचा, परीक्षा विद्यापीठाची

मे महिन्यात बारावीचा निकाल हाती येतो आणि आमच्या वऱ्हाडात वावरातली वखरणी आणि कॉलेजची चौकशी एकाच आठवड्यात सुरू होते. मी एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात २६ वर्षं काम केलं. खिडकीशी येणारे पालक बहुतेक तीन गोष्टी विचारायचे: फी किती, शिष्यवृत्ती बसते का, आणि एसटीचा पास कुठं निघतो. तिन्ही प्रश्न रास्त. पण पोरीचं शिक्षण खरोखर ज्यावर अवलंबून असतं तो प्रश्न, ‘या विषयाला कायम प्राध्यापक किती आहेत?’, फार थोड्यांनी विचारला. असा काही प्रश्न असतो हेच कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. बाहेरून कॉलेज एकच दिसतं, एक फाटक आणि एक पाटी. आत मात्र चार वेगवेगळ्या घरांचा कारभार चालतो. तो उकलून दाखवावा म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे अकरावीलाही कॉलेज म्हणतात आणि बी.ए.लाही. अकरावी-बारावी म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय. ते शालेय शिक्षण विभागाखाली येतं आणि त्याची परीक्षा बोर्ड घेतं. पदवीचं शिक्षण देतं ते वरिष्ठ महाविद्यालय, ते उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतं. पुष्कळ गावांत दोन्ही एकाच आवारात भरतात, कधी एकाच वर्गखोलीत सकाळ-दुपार करून. पण शिक्षक वेगळे, पगाराची बिलं वेगळी, तक्रार करायची जागाही वेगळी. इथून पुढं मी ‘कॉलेज’ म्हणेन ते वरिष्ठ महाविद्यालयाला.

या कॉलेजची जमीन आणि इमारत संस्थेची असते. संस्था म्हणजे सभासदांची नोंदणीकृत मंडळी, ज्यांचे अध्यक्ष-सचिव गावात ‘संस्थाचालक’ म्हणून ओळखले जातात. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. प्राध्यापकांचा पगार, जिथं अनुदान आहे तिथं, राज्य सरकारचा. तो उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून निघतो. आणि प्राध्यापक व्हायला काय पात्रता लागते, आठवड्याला त्यानं किती तास शिकवायचं, हे ठरवतो दिल्लीतला विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी. छत गळत असेल तर संस्थेला धरा, निकाल लांबला तर विद्यापीठाला. पण वर्गावर शिक्षकच नसेल तर कोणाला धरायचं? या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला उरलेला सगळा लेख लागणार आहे.

पयनघाटात कॉलेज उशिरा का आलं

वऱ्हाडाचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. वर मेळघाटचे डोंगर, खाली अजिंठ्याची रांग, आणि मधून पश्चिमेला तापीकडं जाणारी पूर्णा. या मधल्या काळ्याभोर सपाट खोऱ्याला जुन्या कागदांत पयनघाट म्हटलं आहे. कापसाची ही खाण. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला, जलंबहून खामगावला फाटे गेले. जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, पेढ्या आल्या, पैसा आला.

कॉलेज मात्र आलं नाही. नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झालं. त्यांच्या पदव्या आधी कलकत्ता विद्यापीठाच्या होत्या, पुढं अलाहाबादच्या. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज उघडलं. आजची ती शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था, लोकांच्या तोंडी ‘व्हीएमव्ही’. नागपूरनंतर तब्बल ४० वर्षांनी. माझं मत असं की इंग्रजी राजवटीत कॉलेज कापसाच्या मागं नाही, कचेरीच्या मागं गेलं. राजधानी नागपूर, न्यायालय नागपूर, कारकून आणि वकील हवेत तेही तिथंच. पयनघाटानं सरकी आणि सारा द्यावा, पोरं शिकायला दुसरीकडं धाडावीत, असा तो हिशेब होता.

अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या एका शेतकऱ्याच्या घरचा मुलगा या हिशेबातूनच गेला. पंजाबराव देशमुख, जन्म १८९८. कॉलेजसाठी पुण्याचं फर्ग्युसन, पुढं विलायत, आणि परत अमरावतीला. त्यांनी केलेल्या कामांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आधी श्रद्धानंद छात्रालय काढलं, म्हणजे वसतिगृह. श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतर, १९३२ मध्ये. खेड्यातल्या मुलाची अडचण शाळा नसण्याच्याही आधी सुरू होते: रात्री झोपायचं कुठं आणि जेवायचं काय. हे ज्यानं स्वतः भोगलं तोच वसतिगृहापासून सुरुवात करतो. आज शिवाजी शिक्षण संस्था विदर्भातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाते आणि तिची महाविद्यालयं विदर्भभर पसरली आहेत.

स्वातंत्र्याच्या आगेमागे तालुक्या-जिल्ह्याच्या गावी कॉलेजं निघाली ती अशाच संस्थांमधून. पाट्यांवरची नावं वाचली तरी कळतं पैसा कुठून आला: यवतमाळचं अमोलकचंद, अकोल्याचं सीताबाई, ब्रह्मपुरीचं नेवजाबाई हितकारिणी, वर्ध्याचं १९४० मधलं गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय. कुठं व्यापाऱ्यानं आईच्या किंवा वडिलांच्या नावानं देणगी दिली, कुठं शेतकऱ्यानं रस्त्याकडचं वावर दिलं, कुठं गावानं ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची, जमीन मागून घेतली. वरोऱ्याला तर १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं ते बाबा आमट्यांच्या आनंदवनातल्या कुष्ठमुक्तांच्या श्रमातून. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं, त्यांनी गावाच्या पोरांसाठी वर्ग बांधले. महाराष्ट्रात कॉलेजं पुष्कळ असतील, याच्या तोडीचं दुसरं मला माहीत नाही.

काही गोष्टी मागून मिळाल्या नाहीत, भांडून घ्याव्या लागल्या. विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवं म्हणून १९६७ मध्ये मोठं आंदोलन झालं, त्यात तरुणांचे जीव गेले. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात विद्यापीठ आलं, आज त्याला पंजाबरावांचंच नाव आहे. त्याच वर्षी सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, खेड्यात उभं राहिलेलं देशातलं पहिलं.

१ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं, ज्याला पुढं संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. त्याआधी बुलडाण्याच्या कॉलेजला एखाद्या मार्कलिस्टची दुरुस्ती करायची तरी माणूस ३०० किलोमीटरहून लांब नागपूरला धाडावा लागायचा. विद्यापीठ जवळ येणं म्हणजे नेमकं काय, हे अशा कामांत कळतं. तीच कथा वैनगंगेच्या खोऱ्यात पुन्हा घडली. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला, पण चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ यायला २०११ उजाडलं. सिरोंच्याहून गडचिरोली हेच २०० किलोमीटरच्या वर आहे, नागपूर त्याच्याही पुढं. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशांहून जास्त भाग जंगल, आणि पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद. अशा ठिकाणी परीक्षेचं केंद्र एका गावावरून दुसऱ्या गावी हललं तरी काही पोरं त्या वर्षी परीक्षेलाच बसत नाहीत.

परवानगीची फाईल

‘आमच्या गावी कॉलेज काढू’ असं कोणी भाषणात म्हटलं की टाळ्या पडतात. प्रत्यक्षात गावाचं नाव आधी विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात असावं लागतं. दर पाच वर्षांनी विद्यापीठ आपल्या जिल्ह्यांचा असा आराखडा करतं: कोणत्या तालुक्यात कोणत्या शाखेचं कॉलेज हवं, कुठं आधीच पुरेशी आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात याची रीत लिहिली आहे. त्या यादीत ठिकाण असेल तर संस्था प्रस्ताव पाठवते, विद्यापीठ छाननी करून शिफारस करतं, सरकार इरादापत्र देतं. इरादापत्र म्हणजे परवानगी नव्हे. जागा, खोल्या, ग्रंथालय, प्रयोगशाळा, ठेवीची रक्कम या अटी पुऱ्या करा, मग देऊ, एवढाच त्याचा अर्थ. अटी पुऱ्या झाल्या की अंतिम मान्यता, आणि त्यानंतर विद्यापीठाची संलग्नता.

संलग्नता हा शब्द जड वाटतो, अर्थ साधा आहे. कॉलेज शिकवतं, पण पदवी द्यायचा अधिकार त्याला नसतो. तो विद्यापीठाचा. विद्यापीठ म्हणतं, आमचा अभ्यासक्रम तुम्ही शिकवा, आमची समिती येऊन तुमची जागा आणि माणसं बघेल, पटलं तर तुमच्या पोरांना आमच्या परीक्षेला बसू देऊ. ही संलग्नता सुरुवातीला ठरावीक मुदतीची असते, मुदत संपली की पुन्हा समिती. बरीच वर्षं नीट चाललं तर कायम संलग्नता. लक्षात ठेवायची गोष्ट ही की संलग्नता अख्ख्या कॉलेजला एकदाच मिळाली असं नसतं, ती अभ्यासक्रमानुसार बघावी लागते. बी.ए.ला कायम आहे म्हणून नव्यानं काढलेल्या बी.एस्सी.ला आहे असं धरून चालू नका.

समिती येणार म्हटलं की आमच्या कार्यालयात आठ-आठ दिवस दिवे जळायचे. मी नोकरीत नवा असताना एका नव्या विषयाच्या प्रस्तावाला ग्रंथालयाच्या नोंदवहीचं एक पान जोडायचं माझ्या हातून राहिलं. त्या पानापायी तो विषय एक वर्ष पुढं गेला. शेजारच्या गावची तीन मुलं त्या विषयासाठी थांबली होती, ती त्या जूनमध्ये जिल्ह्याला गेली. त्यांपैकी एकाला खोलीभाडं झेपलं नाही, तो दिवाळीत परत आला आणि पुन्हा शिकला नाही. ते पान मी अजून विसरलेलो नाही.

एका स्टाफरूममध्ये दोन पगार

सगळ्यात गुंतागुंतीची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अनुदान.

अनुदानित महाविद्यालय म्हणजे ज्याच्या मंजूर पदांचा पगार सरकार देतं. संस्थेला इमारत सांभाळावी लागते, पगाराची चिंता नसते. म्हणून तिथली बी.ए., बी.कॉम.ची फी कमी राहते. विनाअनुदानित म्हणजे पगारासकट सगळा खर्च संस्थेनं फीमधून भागवायचा. १९८३ मध्ये राज्यानं विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयं काढू दिली, तेव्हा शेगाव, बडनेरा, पुसद, सेवाग्राम अशा ठिकाणी ती निघाली. शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचं, त्यामागं देवस्थानाची शिस्त होती आणि ते टिकलं. पुढच्या २५ वर्षांत गावोगावी अभियांत्रिकीच्या पाट्या लागल्या, नंतर जागा रिकाम्या राहू लागल्या आणि त्यातल्या कित्येक बंद पडल्या. फीवर चालणाऱ्या कॉलेजचं तसंच असतं: दोन वर्षं प्रवेश आटले की तिसऱ्या वर्षी पगार थांबतात.

कला-वाणिज्य-विज्ञानाच्या साध्या कॉलेजांना मात्र पूर्वी काही वर्षांनी का होईना अनुदान मिळेल ही आशा असायची. २००१ नंतर नव्या परवानग्या ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर मिळू लागल्या. ‘कायम’ या एका शब्दानं आशाच काढून टाकली. त्यामुळं आज तालुक्यातल्या दोन कॉलेजांपैकी एक १९७० च्या आसपासचं अनुदानित आणि दुसरं २००५-१० च्या सुमारास निघालेलं कायम विनाअनुदानित, असं चित्र सर्रास दिसतं. दोन्हींची पदवी त्याच विद्यापीठाची, मार्कलिस्टवर काही फरक नाही. फरक वर्गात आहे.

आणि त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे एकाच कॉलेजात दोन्ही प्रकार नांदतात. कला शाखा जुनी म्हणून अनुदानित, विज्ञान शाखा नंतर काढली म्हणून विनाअनुदानित. दोन प्राध्यापक एकाच स्टाफरूममध्ये एकाच टेबलावर चहा घेतात, दोघांकडं सारखीच पीएच.डी. असते, आणि एकाचा महिन्याचा पगार दुसऱ्याच्या कित्येक पट असतो. मी दोघांचीही बिलं तयार केली आहेत. विनाअनुदानितवाल्याच्या हाती पाकीट देताना मान वर करणं मला कधी जमलं नाही.

आता मंजूर पद म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण सगळी गाठ तिथं आहे. पद विद्यार्थ्याला मिळत नाही, विषयाला मिळतं, आणि विषयाला ते तासांवरून मिळतं. सहायक प्राध्यापकानं आठवड्याला १६ तास शिकवावं असा यूजीसीचा नियम आहे. समजा मराठी हा विषय बी.ए.च्या तिन्ही वर्षांना आहे आणि दर वर्षाला आठवड्यात सहा तास होतात. झाले १८ तास, म्हणजे एका पदाला पुरून थोडं उरेल एवढं काम. विद्यार्थी वाढले, तुकडी वाढली की तास वाढतात, दुसरं पद मागता येतं. विद्यार्थी घटले की उलटं होतं.

आता प्राध्यापक निवृत्त झाला असं धरा. खेड्यातला माणूस म्हणेल, एक गेला, दुसरा घ्या. तसं होत नाही. पद भरायला संस्थेनं आधी कार्यभार, म्हणजे विषयाचे एकूण तास, तपासून घ्यायचा, मग बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षित प्रवर्गाचं याचा तक्ता, प्रमाणित करून घ्यायची, मग शासनाचं ना-हरकत, जाहिरात, विद्यापीठानं नेमलेली निवड समिती, आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता. एवढं करूनही, शासनानं भरती थांबवली असेल तर सगळी फाईल कपाटात. मधली वर्षं भागवण्यासाठी तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात, ज्यांना सगळे ‘सीएचबी’ म्हणतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी हाच माणूस असेल याची खात्रीही नाही.

मी स्वतः पाहिलेली साखळी अशी आहे. भूगोलाचे सर निवृत्त झाले. पद रिकामं राहिलं. पहिल्या वर्षी एक चांगला सीएचबी मिळाला, दुसऱ्या वर्षी तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला. तिसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकं वेळेवर झाली नाहीत. पोरं एकमेकांना सांगतात, ‘भूगोल घेऊ नको, सर नाही.’ पुढच्या जूनमध्ये भूगोलाला निम्मी मुलं आली. कार्यभार घटला. ज्या वर्षी भरतीची परवानगी आली त्या वर्षी भूगोलाचं पद टिकवण्याइतके तासच शिल्लक नव्हते. कागदावर म्हणाल तर कोणीच विषय बंद केला नाही.

म्हणून वर्गावर शिक्षक नसेल तर कोणाला धरायचं, याचं खरं उत्तर असं: आधी प्राचार्यांना विचारा की हे पद मंजूर आहे का. मंजूर असून रिकामं असेल तर संस्थेनं प्रस्ताव पाठवला का ते विचारा. पाठवला असेल तर तो सहसंचालक कार्यालयात कोणत्या तारखेपासून आहे ते विचारा. तारीख विचारणारा पालक आला की फाईल हलते, हे मी अनुभवानं सांगतो. आणि अभ्यासक्रमच विनाअनुदानित असेल, तर तिथं सरकारला नाही, संस्थेला जाब विचारायचा.

अनुशेष, इमारती आणि काळी माती

विदर्भात ‘अनुशेष’ हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतो. साध्या भाषेत, राज्याच्या सरासरीपेक्षा जे कमी मिळालं त्याची थकबाकी. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचं वचन होतं. राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये तर तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या सोयी सगळ्या भागांना समन्यायानं मिळाव्यात असं स्वच्छ लिहिलं आहे. १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समितीनं हा अनुशेष क्षेत्रवार मोजला, त्यात शिक्षणही होतं. १९९४ ला विदर्भ वैधानिक विकास मंडळ झालं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. माझी तक्रार आकड्यांपेक्षा मोजण्याच्या पद्धतीवर आहे. कॉलेजांची संख्या मोजली तर अनुशेष भरलेला दिसू शकतो. भरलेली पदं मोजली तर चित्र दुसरं निघेल.

इमारतीचंही तसंच. पयनघाटातल्या काळ्या मातीचा स्वभाव बांधकामाला मानवत नाही. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर उथळ पायाची इमारत बांधली की तीही दर वर्षी थोडी वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरकी चीर जाते. उपाय आहेत: मुरूम लागेपर्यंत खोल जाणं, किंवा तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले खांब जमिनीत घालून त्यांवर तुळया टाकणं. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेकाठच्या ज्या गावांत भूगर्भातलं पाणीच खारट आहे तिथं, आणखी एक संकट. बोअरचं पाणी काँक्रीटला वापरलं की आतली सळई गंजते. गोड्या पाण्याचे टँकर आणायचे तर खर्च वाढतो, आणि खर्च वाचवला की दहा वर्षांत छताचे पोपडे पडतात. देणगीतून बांधलेल्या कित्येक इमारती अशा खचलेल्या आहेत. देणाऱ्याची नियत चोख होती, पाया उथळ पडला.

यूजीसीच्या पैशातूनही तालुक्याच्या कॉलेजांत पुष्कळ काही उभं राहिलं. त्यासाठी कॉलेज यूजीसी कायद्याच्या कलम २ (एफ) आणि १२ (बी) च्या यादीत असावं लागतं, म्हणून कॉलेजच्या पत्रकावर हे आकडे छापलेले दिसतात. मुलींची वसतिगृहं त्यातूनच आली. पण मंजुरी इमारतीला मिळाली, वॉर्डनच्या पगाराला आणि खानावळीला नाही. कुलूप लागलेली वसतिगृहं मी पाहिली आहेत, आणि त्याच गावच्या मुली रोज चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन करताना पाहिल्या आहेत. पंजाबरावांनी वसतिगृहापासून सुरुवात केली होती हे अशा वेळी फार आठवतं.

वैद्यकीय महाविद्यालयांची वाट वेगळी आहे. तिथं आधी रुग्णालय लागतं, म्हणून जिल्हा रुग्णालय असतं तिथंच ती सुरू होतात आणि स्वतंत्र इमारत मागून येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांतली पाच विदर्भातली: अमरावती, बुलडाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली. प्रत्येकी १०० जागा. आनंदाची गोष्ट आहे, मनापासून. पण तिथंही आपला सुरुवातीचा प्रश्न, कायम प्राध्यापक किती, लागू आहेच.

तीन हजारांचं कॉलेज

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लहान लहान कॉलेजं एकत्र आणून प्रत्येक संस्थेत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत असं उद्दिष्ट आहे, आणि संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची असंही. पुण्या-नागपुरात हे सहज होईल. मेळघाटच्या पायथ्याशी किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीला ३५०-४०० मुलांचं कॉलेज कोणाबरोबर एकत्र करणार? मधे ६० किलोमीटर आणि तीन नाले. तीन-चार कॉलेजांनी मिळून समूह करावा, प्राध्यापक आणि प्रयोगशाळा वाटून घ्याव्यात, ही कल्पना मला चांगली वाटते. भूगोलाचा एक प्राध्यापक आठवड्यातून तीन दिवस इथं, तीन दिवस तिथं गेला असता तर आमचा विषय वाचला असता. पण प्राध्यापकाला फिरवायचं की पोरांना, हे नीट ठरवलं पाहिजे. फिरायचं असेल तर पगारदार माणसानं फिरावं.

आकड्यांचा संदर्भ एवढाच घ्या. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार १८ ते २३ वयोगटाशी तुलना करता देशात १०० मागे २८.४ जण उच्च शिक्षणात आहेत, महाराष्ट्रात ३५.३. देशातल्या अनुसूचित जमातींमध्ये २१.२. धोरणाला देशाचा एकूण आकडा २०३५ पर्यंत ५० वर न्यायचा आहे. माझ्या मते ही वाढ व्हायची ती शहरात नाही. ती होणार ती तालुक्याच्या कॉलेजांतून, म्हणजे ज्यांची पदं रिकामी आहेत त्यांच्यातून.

खिडकीशी काय विचारायचं

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा कार्यालयात बसून, घाई न करता, विचारा. हा अभ्यासक्रम अनुदानित की विनाअनुदानित? याच वर्षाचं संलग्नता पत्र आहे का, बघू. मुलगी घेणार आहे त्या तीन विषयांना मान्यताप्राप्त पूर्णवेळ प्राध्यापक किती, सीएचबी किती? नॅकची, म्हणजे कॉलेजची गुणवत्ता तपासणाऱ्या परिषदेची, श्रेणी कोणत्या वर्षीची? ती साधारण पाच वर्षांसाठी असते, म्हणून फाटकावरचा जुना फलक पुरेसा नाही. मागासवर्गीय, ओबीसी किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातली असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज कोण भरून देतं? व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर २०२४-२५ पासून ओबीसी, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, ती इथं कशी लावता? विचारल्यावर कारकून चिडला तरी चिकाटी सोडू नका. मी चिडलेलो आहे काही वेळा, आणि तरीही ज्यांनी विचारलं त्यांचं काम आधी झालं.

आणि शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघा. आमच्याकडं बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं पाचला संपायची आणि तीन गावांकडं जाणारी शेवटची गाडी साडेचारला सुटायची. मुली चारलाच प्रयोगशाळेतून उठायच्या, वही अर्धवट ठेवून, आणि दर वर्षी त्यांचे प्रात्यक्षिकाचे गुण कमी यायचे. शिकवणाऱ्यांना वाटायचं मुलींना रस नाही. एका मॅडमनी बसस्थानकावर जाऊन वेळापत्रक लिहून आणलं, प्राचार्यांपुढं ठेवलं, आणि पुढच्या सत्रापासून प्रात्यक्षिकं सकाळी आठला सुरू केली, व्याख्यानं नंतर. आगाराला अर्ज केला तो मीच टाइप केला होता. गाडी काही मिळाली नाही, पण मुलींच्या वह्या पूर्ण होऊ लागल्या.